डोणवाडीच्या पाण्यावर दिलेली ओ

ही गोष्ट खरी आहे, आणि ती खरी आहे याचा मला जराही आनंद नाही.

रचायचीच असती तर मी अमावस्या घेतली असती. मध्यरात्र घेतली असती. चार कुत्री रडवली असती. इथे लोक टाकतात त्या निम्म्या भुतांच्या गोष्टींत तेच असतं आणि ते वाचून मी आजवर हसत आलोय.

ही घडली दुपारी साडेतीनला.

लख्ख उन्हात.

शनिवार, १८ नोव्हेंबर २०२३. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. कर्जत तालुक्यात, कशेळ्यावरून आत डोंगराकडे गेलं की एक लहानसं धरण लागतं. त्याला मी डोणवाडीचं धरण म्हणतो. खरं नाव वेगळं आहे. ते लिहिणार नाही, कारण लिहिलं की पुढच्या रविवारी तुमच्यातलेच चार जण मोबाईल घेऊन तिथे पोचतील.

हे जिच्याबरोबर घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण, जागृती. खोपोलीला राहते, तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळची शाळा, दुपारी एकला घरी. नवरा नीलेश कारखान्यात, शिफ्ट ड्यूटीला. मुलगा ओमकार, तेव्हा दहा वर्षांचा.

ताईला ओळखणारे लोक तिला जरा टरकून असतात. ती कधी आवाज चढवत नाही. नुसती बघते. समोरचा काही खुळचट बोलला की तिची डावी भुवई वर जाते आणि ती गप्प बसते. त्या गप्प बसण्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या.

लहानपणी आई आमची दृष्ट काढायला बसायची, तेव्हा ताई विचारायची, "मिरच्या जळल्या की खोकला येणारच. त्यात दृष्टीचा काय संबंध?" तेव्हा ती आठ वर्षांची होती.

अशा बाईच्या नशिबी केतन आला.

केतन म्हणजे तिच्या नणंदेचा, हर्षलाचा नवरा. दोघं डोंबिवलीला असतात. त्यांची मुलगी जिजा, सहा वर्षांची. त्या मे महिन्यात केतन केरळला जाऊन आला आणि तिथे एक रात्र हाऊसबोटीत झोपला. फक्त एक रात्र. तेव्हापासून त्याच्या अंगात नावाडी संचारला.

"समुद्रावर काय, सगळेच जातात," तो म्हणाला. "आपण आतल्या पाण्यावर जायचं. नदी, धरण, तलाव. मुलांना घेऊन. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस. वहिनी, मुलांच्या आयुष्यभर लक्षात राहील बघा."

लगेच ग्रुप निघाला. नाव 'जलविहार फॅमिली'. त्यावर चौदा पानांची पीडीएफ आली. पहिला दिवस उल्हास नदी, दुसरा पेज नदी, तिसरा डोणवाडीचं धरण. आत वेळापत्रक. आठ वाजून दहा मिनिटांनी पोहे. आठ पस्तीसला 'मुलांनी पाण्याचे निरीक्षण करणे'. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे जेवण.

ताईने ग्रुपवर एकच ओळ लिहिली. 'पेज नदीला पाणी भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून सोडतात तेव्हाच असतं. तुमच्या आठ पस्तीसला सोडणार आहेत का, विचारलंत?'

केतनने अंगठा पाठवला.

"ज्या माणसाला बादलीत तांब्या नीट बुडवता येत नाही," ताई मला फोनवर म्हणाली, "तो माझ्या पोराला धरणात नेणार."

"मग जाऊ नकोस," मी म्हणालो.

"ओम्याने चार दिवस डोकं खाल्लंय. आणि मी नाही गेले तर तो त्या माणसाच्या हवाली. त्यापेक्षा मी बसलेली बरी."

नाताळच्या आधी केतनला एक ट्रायल घ्यायची होती. म्हणून ही अठरा नोव्हेंबर. नीलेशला ड्यूटी होती. केतन, हर्षला, जिजा, ताई आणि ओमकार, असे पाच जण गाडीतून डोणवाडीला पोचले.

धरणाच्या भिंतीजवळ सरकारी पाटी होती. पाण्यात उतरू नये.

"ते पोहणाऱ्यांसाठी आहे," केतन म्हणाला. "आपण उतरत नाही आहोत. आपण तरंगणार आहोत."

ताईची भुवई वर गेली. पण केतन पाठमोरा होता.

त्याने ऑनलाइन मागवलेली रबरी होडी बाहेर काढली. पायाने दाबायचा पंप. पाऊण तास तो माणूस त्या पंपावर नाचत होता. पोरं नारिंगी जॅकेटं घालून काठावर खडे मारत बसली. हर्षला नवऱ्याचे फोटो काढत होती.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली.

सत्तरीची असेल. काष्टा घातलेला, हातात काठी. नंतर मला तिचं नाव कळलं, गौराबाई. ती होडीकडे बघत राहिली, मग पोरांकडे.

"पान्यावर जाताव का?" तिने विचारलं.

"हो आजी," केतन घाम पुसत म्हणाला. "फॅमिली पिकनिक."

"ऊन हाय तवर या परत. आन येक सांगते. तितं मदी गेल्यावर कुनी हाक मारली, त ओ देऊ नका. पोरास्नी बी सांगा."

हर्षलाने मोबाईल खाली घेतला. "कोण हाक मारतं?"

"आमी नाय देत गं ओ. येवढंच ठावं हाय मला."

"का?" हे ताईने विचारलं. वर्गात फळ्यासमोर चुकलेल्या पोराला विचारते त्या आवाजात.

म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "का ते ओ देनाऱ्याला ठावं," ती म्हणाली आणि शेळ्या हाकत बाजूला जाऊन बसली.

"झालं," ताई हर्षलाला म्हणाली, म्हातारीला ऐकू जाईल अशा बेताने. "आता भूतही आलं. केतनरावांच्या पीडीएफमध्ये तेवढंच राहिलं होतं."

तीन वाजता होडी पाण्यात गेली.

केतन वल्ही मारायला बसला आणि होडी गोल फिरली. पुन्हा मारली, पुन्हा गोल. ओमकार खिदळायला लागला. शेवटी ताईने एक वल्हं त्याच्या हातातून काढून घेतलं तेव्हा कुठे होडी सरळ निघाली. पुढे केतन, मध्ये हर्षला आणि जिजा, मागे ताई. तिच्या उजव्या बाजूला ओमकार.

डावी बाजू रिकामी.

धरण काठोकाठ भरलेलं. समोर उघडा कातळाचा डोंगर. पाण्यातून दोन-तीन वाळक्या झाडांचे शेंडे वर आलेले आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले. ताई मला म्हणाली, "खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं." तिच्याकडून हे फार झालं.

मधोमध आल्यावर केतनने वल्हं थांबवलं.

"आता गंमत बघा," तो पोरांना म्हणाला आणि डोंगराकडे तोंड करून ओरडला, "हॅलोऽऽ!"

डोंगरातून आलं... हॅलोऽऽ.

पोरं वेडी झाली. जिजा स्वतःचंच नाव ओरडली. डोंगराने जिजा म्हटलं. ओमकार ओरडला, "आईऽऽ!"

डोंगराने म्हटलं... आईऽऽ.

"प्रतिध्वनी," ताई म्हणाली. "आवाज कातळावर आपटतो आणि परत येतो. पुस्तकात आहे तेच."

मग केतनने बिस्किटांचा पुडा फोडला आणि सगळे खायला लागले.

आणि तेव्हा...

"आईऽऽ."

लांबून. स्वच्छ.

ताईने ओमकारकडे बघितलं. त्याच्या तोंडात बिस्किट होतं. गाल फुगलेले.

जिजा हर्षलाला मम्मा म्हणते. होडीत 'आई' एकच होती.

"काठावर कुणाचं तरी पोर असेल," ताई म्हणाली.

सगळ्यांनी काठाकडे पाहिलं. काठावर गौराबाई होती आणि तिच्या शेळ्या. बाकी कुणी नाही.

पाणकावळे...

मघाशी होते ते पाणकावळे आता झाडांवर नव्हते. उडताना कुणी पाहिले नाहीत. पंखांचा आवाज आला नव्हता.

"आई."

या वेळी डोंगराकडून नाही. दुसऱ्या बाजूने. जिकडे नुसतं सपाट पाणी होतं. आणि मघापेक्षा जवळून.

जिजा म्हणाली, "मामी, तुम्हाला बोलावतंय."

हर्षलाचा चेहरा उतरला. "वहिनी, त्या आजी म्हणाल्या होत्या ना... चला ना परत."

इथे ताईचं टाळकं सरकलं. ती मला म्हणाली, "मला त्या आवाजाची भीती नाही वाटली रे. मला हर्षलाचा राग आला. शिकलेली बाई, बँकेत नोकरी करते, आणि पोरांसमोर असं बोलते. ओम्या माझ्या तोंडाकडे बघत होता. मी गप्प बसले असते तर तो काय शिकला असता?"

म्हणून ती शिकवायला निघाली.

ती होडीत गुडघ्यांवर उभी राहिली, त्या सपाट पाण्याकडे तोंड केलं आणि हसत हसत, मोठ्याने, लाडात आल्यासारखी ओरडली.

"ओऽऽ! ये रे बाळा, ये! इथे माझ्याजवळ जागा आहे!"

ओमकार हसला. केतनही हसला.

मग सगळे थांबले.

कारण डोंगरातून काहीच परत आलं नाही.

एवढ्या मोठ्याने ओरडली ती, आणि डोंगर गप्प.

केतनने उगाच शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली. पण परत आली नाही.

"चला," ताई म्हणाली. "झाला तमाशा. ऊन उतरायच्या आत निघू."

दोघांनी वल्ही मारली.

होडी हलेना.

पुन्हा मारली. हलली, पण जड. चिखलातून ओढल्यासारखी. केतनने रबर दाबून पाहिलं. हवा पक्की होती. होडीत पाण्याचा थेंब नव्हता. पण मागची बाजू खाली बसली होती. ताईची बाजू.

"वहिनी, जरा पुढे सरका," केतन म्हणाला.

ती सरकली. मागची बाजू तशीच खाली.

दहा मिनिटांचं अंतर. त्याला पाऊण तास लागला. केतनच्या तळहातांना फोड आले.  वल्हं पाण्यात जाताना आवाज व्हायचा, पण बाहेर येताना होत नव्हता. हे ताईच्या लक्षात आलं, आणि आपण असल्या गोष्टी लक्षात घेतोय याची तिला लाज वाटली.

मध्येच जिजा उभी राहून ताईकडे यायला निघाली. लहान आहे, मामीची लाडकी आहे. दोन पावलं आली आणि थांबली. ताईच्या डाव्या बाजूकडे बघत राहिली.

"इथे ये," ताई म्हणाली.

जिजाने मान हलवली. परत जाऊन आईच्या मांडीत तोंड खुपसलं.

तेव्हा ताईला कळलं की आपली डावी बाजू ओली आहे.

खांद्यापासून कमरेपर्यंत. कुडता अंगाला चिकटलेला. कुणीतरी ओलं अंग टेकून बसावं तसा.

आणि गार. त्या उन्हात.

काठावर गौराबाई उभी होती. तिने दोर धरून होडी ओढून घेतली. आधी जिजाला हात देऊन उतरवलं. मग ओमकारला.

मग तिने तिसऱ्यांदा हात पुढे केला...

आणि एकदम मागे घेतला. पदराला पुसला. दोन पावलं मागे सरली.

"पोरं किती व्हती?" तिने केतनला विचारलं.

"दोन. का?"

"हां," म्हातारी म्हणाली. "दोनच."

ताईने उतरायला हात पुढे केला. गौराबाईने तो धरला नाही. काठी उचलली आणि निघाली. शेळ्या तिथेच चरत होत्या. त्यांना न हाकता निघाली. एकदाही वळून बघितलं नाही.

परतताना गाडीत केतन म्हणाला की नाताळला मोठा पंप आणायला हवा.

खोपोलीच्या घरी मंगळवारी पहिल्यांदा झालं.

दुपारचे तीन. ओमकार शाळेत. नीलेश ड्यूटीवर. ताई वह्या तपासत बसली होती.

"आई."

बाल्कनीतून.

ती उठून गेली. दुसरा मजला. खाली रिकामी गल्ली. शेजारचं पोर असेल म्हणून ती परत आली.

गुरुवारी पुन्हा. या वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी.

मग घराच्या दाराबाहेर.

मग दाराच्या आत.

आवाज ओमकारचा होता का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. आणि होताही. कुठल्याही पोराचा असतो तसा. रडका नव्हता. रागावलेला नव्हता. पोराला काहीतरी सांगायचं असतं आणि आईचं लक्ष नसतं, तेव्हा ते कसं हाक मारतं? तसा. वाट बघणारा."

ताईने काय काय केलं ते ऐका. तिने आधी कान तपासून घेतले. मग रक्त तपासलं. मग मोबाईलवर तासन्‌तास रेकॉर्डिंग केलं. त्यात पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही. स्वतःलाच तिने इतकं तुच्छ लेखलं की आम्हाला कुणाला सांगितलंच नाही. भुताला घाबरणाऱ्या बायकांना ती आयुष्यभर हसली होती. आता स्वतःचं कोणत्या तोंडाने सांगणार?

पण तिने ओ देणं बंद केलं.

सगळ्यांनाच.

ओमकारला तिने बजावलं, "मला लांबून हाक मारायची नाही. काही हवं असेल तर समोर येऊन बोल."

"का?"

"सांगितलं तेवढं कर."

पोर दहा वर्षांचं. दिवसातून पन्नास वेळा सवयीने आई म्हणणार. प्रत्येक वेळी ती थबकायची, मान वळवून तो दिसतोय का बघायची, आणि दिसला तरच बोलायची. नीलेशला वाटलं शाळेचा ताण आहे.

नाताळ आला. ग्रुपवर केतनचं सुधारित वेळापत्रक आलं. ताईने लिहिलं, 'आम्ही येत नाही.' केतनने विचारलं, 'काय वहिनी, घाबरलात?' आणि पुढे हसरे चेहरे.

ती ग्रुपमधून बाहेर पडली.

केतनला काही झालं नाही, हेही सांगून टाकतो. तो तीन दिवस फिरला, मजेत फिरला. पेज नदीत गुडघाभर पाण्यात होडी डोक्यावर घेऊन चालतानाचा त्याचा फोटो अजून त्याच्या डीपीला आहे. असल्या माणसांना कधीच काही होत नाही.

१४ जानेवारी. रविवार. दुसऱ्या दिवशी संक्रांत.

बिल्डिंगमधली पोरं सकाळपासून गच्चीवर पतंग उडवत होती. ओमकारही वर होता. नीलेश ड्यूटीवर. साडेबारा वाजता ताई स्वयंपाकघरात तिळाचं कूट करत होती. दार बंद होतं.

"आई..."

जिन्यातून.

तिचा हात थांबला.

"आई गं..."

ती मला म्हणाली, "मला वाटलं, आज हे नवीन शिकलं. आज 'गं' म्हणायला लागलं."

तिने मिक्सर लावला.

मिक्सर बंद केला की ऐकू यायचं. म्हणून पुन्हा लावला. तिळाचं पीठ झालं, पिठाला तेल सुटलं, तरी लावला.

वीस मिनिटांनी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या इंदूबाई होत्या. त्यांच्या पदराला रक्त होतं.

"जागृती, तू घरात हायस?" त्या म्हणाल्या. "अगं, पोर कवापास्नं बोंबलतंय..."

ओमकार गच्चीच्या जिन्यात पडला होता. घरापासून अकरा पायऱ्या वर. पाय मांडीत मोडला होता. कपाळ फुटलं होतं. बाकीची पोरं जेवायला आधीच खाली गेली होती.

त्याला उचलताना तो रडत नव्हता. आईकडे बघत होता.

"मिक्सरचा आवाज येत होता मला," तो म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

पाय जुळला. दवाखान्यातून घरी आला. पण तेव्हापासून ओमकारने तिला हाक मारलेली नाही. रागाने नाही. तसं काही भांडण नाही. तो नुसता येऊन तिच्यासमोर कुबडीवर उभा राहायचा आणि ती बघेपर्यंत थांबायचा. तहान लागली तरी थांबायचा.

तो हाक मारत नव्हता.

दुसरं मारत होतं.

हे सगळं मला कळलं फेब्रुवारीत. ओमकारचा पाय मोडल्यावर ताईने नीलेशला थोडंफार सांगितलं होतं, आणि ते फोनवर सांगून त्याने मला बोलावून घेतलं. खोपोलीला जायच्या आधी मी डोणवाडीला जाऊन आलो. एकटा, सकाळी दहाला. गौराबाईला शोधून काढलं. ती अंगणात वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, निदान मला ठाऊक होतं तेवढं.

"ताई गमतीने बोलली होती," मी म्हणालो. "हसत होती."

"हासून बोलीवलं काय आन रडून बोलीवलं काय, बोलीवलं का नाय?" ती म्हणाली. "त्याला काय कळतंय रं गंमत. ल्हान हाय ते."

"कोण लहान आहे? कोण आहे तिथे?"

म्हातारीने वालाची टोपली उचलली. "मला इचारू नको. मी तितं ऱ्हाते," ती म्हणाली आणि आत गेली.

तिथून मी थेट खोपोलीला गेलो. दुपारी पोचलो. नीलेश ओमकारला पायाच्या तपासणीला घेऊन गेला होता. घरात ताई एकटी.

ती वाळली होती. पण बोलणं तेच. "ये. आलास का तूही नारळ-लिंबू घेऊन? नीलेशने कुठल्या कुठल्या बाबांचे नंबर आणलेत बघ. एकाची पाटी आहे, 'तीन दिवसांत गुण'. तापाचं औषध देतोय मेला."

मी हसलो. तिने चहा टाकला. मी बाहेरच्या खोलीत बसलो आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी वर लिहिलंय ते एकेक सांगत गेली. ओलं झालेलं अंग. मिक्सर. अकरा पायऱ्या. आवाजात एक कंप नाही. जणू दुसऱ्या कुणा मूर्ख बाईची गोष्ट सांगतेय.

"तू हसत असशील मनात," ती म्हणाली.

"नाही."

"मी हसले असते."

चहा उतू जायला लागला म्हणून ती आत वळली.

आणि तेव्हा मला ऐकू आलं.

माझ्या मागून. सोफ्याच्या पाठीमागून, अगदी कानाच्या उंचीवर. लहान, स्वच्छ आवाज. वाट बघणारा.

"मामा..."

मी हललो नाही. माझी डावी बाजू गार पडली होती, मानेपासून खाली.

ताई कप घेऊन बाहेर आली. माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही ऐकलंस?"

"नाही. तू?"

"नाही," ती म्हणाली. "मला आज काहीच आलं नाही ऐकू."

ती माझ्याकडे बघत राहिली. डावी भुवई हळूच वर गेली. लहानपणापासून माझं एकही खोटं तिने चालू दिलेलं नाही.

हे एक तिने चालू दिलं.

चहा माझ्यापुढे ठेवला. समोर बसली. आणि मी बघत असताना तिचे खांदे सैल झाले. कितीतरी महिन्यांनी डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरून घ्यावा तसे. तिने त्या दिवशी दोन कप चहा घेतला आणि नीलेश आल्यावर त्याच्याशी भाजीवरून वाददेखील घातला.

मला ते दिसलं. तिला कळलं की मला दिसलंय. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

तेव्हापासून तिच्या घरात शांत आहे.

मी भिवपुरीजवळ राहतो, माझ्या गावात. माझ्याकडे दुपारी येतं. कधी मागच्या पडवीत, कधी गोठ्याच्या बाजूला. मी ओ दिलेली नाही. देणार नाही. एवढं लिहिताना दोनदा झालं.

परवा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला. आधी नुसता श्वास, मग...

"मामा."

मी गप्प राहिलो.

"मामा, मी आहे. ओम्या. पप्पांच्या मित्राच्या फोनवरून बोलतोय. माझा पाय बरा झाला. मी धावलो आज."

मी गप्प राहिलो. कान गार पडला होता. खरंच पडला होता की मला वाटलं, ते मी आजही सांगू शकत नाही.

"मामा?"

तो थोडा वेळ थांबला.

मग त्यानेच फोन ठेवला.